बकरीचा पाला

आमच्या गावी सायकलवर येणाऱ्या नर्सबाई बोलण्याआधी समोरच्याची खालची पापणी ओढून बघत. सरपंचांचीही त्यांनी तशीच बघितली होती.

माझ्या लेकीला दिवेलागणीला समोरचे ताट दिसेना, तेव्हा त्यांनी तिला औषध पाजले आणि अंगणातल्या मुंगण्याकडे, म्हणजे शेवग्याकडे, बोट केले. "एवढा पाला बकरीले, अन् पोरीले नुसता भात? काहून वो?"

"बकरीचा चारा पोरगी कशी खाईन?" सासूबाई म्हणाल्या.

नर्सबाईंनी स्वतः पाला तोडून माझ्या चुलीवर भाजी केली आणि पहिला घास आपण खाल्ला. "आता मले बकरी म्हणा."

पुढे एका संध्याकाळी लेकीने सासूबाईंची पडलेली सुई शोधून दिली.  सासूबाईंनी बकरी मुंगण्यापासून दूर नेऊन बांधली.

मी कोणाशी फार बोलत नाही. विहिरीवर मात्र ही गोष्ट मीच सगळ्यांना सांगितली.