टेकाडावरचा हॉर्न

मंगळवेढ्याजवळच्या आमच्या टेकाडाखाली हजारो वर्षांपूर्वीची वस्ती आहे. रस्त्याच्या भरावासाठी ते पोखरणाऱ्या जेसीबीवाल्याला मी आमच्या ‘टेकाड वाचवा’ पत्रकात सरळ ‘मारेकरी’ लिहिलं. त्यानं पत्रकाची घडी सीटखाली ठेवली आणि मलाच तंबाखू मागितली.

त्याची एक खोड मात्र अंगावर यायची. यंत्र चालवण्याआधी मोकळ्या जमिनीकडे बघून तो लांब हॉर्न द्यायचा आणि जरा थांबायचा.

“कुणासाठी, मामा?”

“खाली हायती की. बाजूला व्हतील, पुढारी.”

मग पुरातत्त्ववाल्यांनी काम थांबवून चाचणीचा खड्डा घेतला. त्यात माणसाचा सांगाडा निघाला, पाय घोट्यापासून तोडलेले. मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून तेव्हाचे लोक तसं पुरत असावेत, असं त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या. जेसीबीवाला काठावरून ऐकत होता.

खड्डा बुजवून ते गेले. अहवाल येईपर्यंत थांबा, असं आम्ही ओरडत असतानाच ठेकेदारानं फर्मावलं, “चालू कर की मर्दा!”

हॉर्नवर हात ठेवून तो नुसता बसून राहिला. मग खाली उतरला, ठेकेदाराला किल्ली दिली आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “वाजवून काय उपेग? त्यास्नी पायच न्हाईत.”

दुपारी दुसरा ड्रायव्हर आला. त्यानं हॉर्न दिला नाही.