एका तारखेला दोन लग्नं

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी गावात लग्न निघालं की कुणीतरी म्हणतंच, "तुहा बाप असता तं भाजीची चिंता नसती!" दारव्ह्याकडच्या आमच्या गावात बाबा उजाडायच्या आत शेत गाठायचे. कपाशीच्या जोरावर त्यांनी आम्हा तिघी बहिणींना शिकवलं, पण नाव झालं ते लग्नातल्या आलू-वांग्याच्या भाजीनं. शेजारधर्म म्हणून कुणाच्याही घरी रांधायचे. एकच हट्ट होता: शेवटची पंगत उठेपर्यंत चुलीजवळून हलायचं नाही.

हाच हट्ट माझ्या लग्नात आडवा आला.

समोरच्या काकांची एकुलती एक मुलगी माझी मैत्रीण. तिची आई लहानपणीच गेलेली. तिच्या लग्नाची भाजी आपणच करणार, असा शब्द बाबांनी काकांना दिवाळीतच दिला होता. पुढे नेरला माझ्या सासरी तारीख ठरवताना या भल्या माणसानं नेमका तिच्या लग्नाचाच दिवस आणि तोच मुहूर्त कबूल केला, आणि आनंदानं पेढे घेऊन घरी आले.

आईनं कपाळावर हात मारला. "अजी, त्याच दिवशी तं समोरच्या पोरीचं लगन हाय! डोक्यात भुसा भरला का तुमच्या?"

काकांच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या आणि माझे सासरे तारीख बदलायला तयार नव्हते. बाबांनी शांतपणे तोड काढली. "आपल्या घरी यवतमाळचा आचारी येते. तिकडं मी जातो."

"अन् माह्या लग्नात?" मी विचारलं.

"म्या शब्द देला हाय, बाई. त्या पोरीले माय नाई."

मला आई होती, म्हणून बाप नसला तरी चालेल, असा त्याचा अर्थ मी लावला. चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. खरं सांगते, मैत्रिणीचाही राग आला होता.

लग्नाच्या दिवशी आमचा मांडव शाळेच्या मैदानात होता आणि त्यांचा गावाच्या दुसऱ्या टोकाला, मारुतीच्या देवळापाशी. हळद लागली, वरात आली, मुहूर्ताला अर्धा तास उरला, तरी बाबांचा पत्ता नव्हता. मामानं हाताला धरून मला उभं केलं, तेव्हा माझा हुंदका बाहेर पडला.

तिकडे काय चाललं होतं, ते मला मागाहून कळलं. काका बाबांच्या पाया पडायचे बाकी होते. "भाऊ, जा ना तुमी! पोरगी वाट पाहून राह्यली." बाबांचं उत्तर ठरलेलं, "पंगत उठू दे." शेवटी काकांनी बाबांचा नाद सोडला आणि आपल्या व्याह्यांपुढे हात जोडले. मुहूर्त एकच आहे, मग हा माणूस तिकडे जात नसेल तर आपणच तिकडे जाऊ. व्याही दिलदार निघाले.

मला आधी बँड ऐकू आला. मग मैदानात त्यांची अख्खी वरात शिरली, मागे नवरी, आणि तिच्यामागे ट्रॅक्टरची ट्रॉली. ट्रॉलीत भाजीचा वाफाळता गंज, चांगलं हंड्याएवढं पातेलं, आणि त्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून बसलेले बाबा! मांडवातली माणसं उठून टाळ्या वाजवू लागली. सासरे तर खुर्चीवरच चढले.

गंज आमच्या आचाऱ्याच्या चुलीवर चढवला, घाईघाईत दुसरा पाट मांडला, दुसरा अंतरपाट धरला. दोन भटजींनी एकदम मंगलाष्टकं सुरू केली आणि त्यांचे सूर काही जुळेनात. बाबा आम्हा दोघींच्या मधोमध उभे राहिले. सदऱ्यावर तिखटाचे डाग, डोळे धुरानं लाल. एक मूठ अक्षता माझ्यावर, एक तिच्यावर. मध्येच मान वळवून ओरडले, "अरे, भाजी हालवा रे कोणी, बुडाले लागन!"

नवरीनं मान खाली घालून उभं राहायचं असतं. माझ्या लग्नाच्या फोटोत मी बापाकडे बघून दात काढून हसते आहे.