कढीपत्त्याला रुतलेली तार

बेंगळुरूत एका शाळेत मी जीवशास्त्र शिकवते. मुळं पाणी ओढतात, खोड ते वर पोचवतं, पानं उन्हात अन्न करतात, हे इतक्या वर्गांना सांगितलंय की झोपेतही बोलेन. आणि घरच्या झाडाला उपाशी मारायला निघाले ती मीच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायू झाला तेव्हापासून ते बनशंकरी भागातल्या आमच्या घरात खिडकीपाशी खाटेवर असतात. खिडकीबाहेर त्यांनीच लावलेला कढीपत्ता. जीभ जड झाली, तरी सकाळी झाडाकडे बघून मान हलवायचे. तेवढ्यावर त्यांचा दिवस जायचा. त्यांच्या रोजच्या चादरी वाळवायला मी त्याच झाडाला तार आवळून बांधली. त्याला दोन वर्षं झाली.

यंदा पानं पिवळी पडू लागली. शेजारच्या अक्का त्यांच्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाल्या, "आंबट ताक घाला स्वल्प, सरी होईल, बरं होईल झाड." घातलं. शेणखतही घातलं. झाड काही ऐकेना. मग अण्णांनी खिडकीकडे बघणंच सोडलं, आणि पेजेची वाटी नेली की तोंड फिरवू लागले.

गेल्या रविवारी चादर काढताना हात खोडाला लागला. तार सालीत पार रुतली होती. तिच्यावर खोड सुजल्यासारखं फुगलेलं, खाली बारीकच. स्वतःच्याच दोन थोबाडीत माराव्यात असं वाटलं. पाणी वर चढतं ते आतल्या लाकडातून, तिथवर तार पोचली नव्हती, म्हणून पानं इतके दिवस हिरवी राहिली. पण पानांनी केलेलं अन्न खाली उतरतं ते सालीतून, आणि ती वाट मी आवळून टाकली होती. मुळं वर पाणी पाठवत राहिली, त्यांना मात्र कोणी काही वाढलं नाही. हे चित्र मी दरवर्षी फळ्यावर काढते, खाली येणाऱ्या बाणासकट.

पक्कड आणून तार तोडली. बुंध्याशी एक कोंब दिसला, तेवढाच धीर. मग अण्णांपाशी बसून सगळं कबूल केलं. दुपारचे तीन वाजून गेले होते. मी वाटी पुढे केली, तर त्यांनी चांगल्या हातानं ती माझ्याकडेच सरकवली. माझा पारा चढला. म्हटलं, "अण्णा, किती छळाल हो?"

शब्द जुळवायला त्यांना फार वेळ लागला.

"तू... जेवलीस?"

नव्हते जेवले. रोजच नाही जेवत त्या वेळेला, आधी त्यांचं उरकते. दोन वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं, फोनवर रोज चौकशी करणाऱ्या भावानंसुद्धा. मी ताट आणलं आणि त्यांच्यासमोर बसून, डोळे पुसत, गार भात खाल्ला. माझं ताट रिकामं झाल्यावर अण्णांनी तोंड उघडलं.