सोळाव्या पानापुढे

जुन्या पुस्तकाचा दमट वास आला, की कलकत्त्याच्या आमच्या मराठी वाचनालयातली अभिप्रायांची वही आठवते. जवळच्या चंद्रनगरच्या वसाहतीतून फ्रेंच नुकतेच गेले होते, त्यामुळे फ्रेंच चित्रकलेवरच्या एका जाड पुस्तकाला भलती मागणी होती. वहीत सहा जणांनी त्याची तोंडभर स्तुती केली होती. ‘विवेचन मार्मिक’ हा अभिप्राय बाबांचा. मी ते घरी आणून उघडलं, तर सोळाव्या पानापुढची पानं छापखान्यातून आली तशीच कडेला जोडलेली; वाचणाऱ्याने ती सुरीने कापायची असत, पण कुणी कापलीच नव्हती. “बाबा, तुम्ही हे वाचलंत कसं?” बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मग ते सुरी घेऊन आले. “काप. आणि आत काय आहे ते मलाही सांग.” वहीत मी लिहिलं, ‘सतराव्या पानापासून पहिली वाचक मीच.’ आजही कुणी पुस्तकाची तारीफ केली, की माझं बोट आधी पानांच्या कडेवरून फिरतं.