बेबीमावशीचे गुडघे

तुम्ही माझे कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ओळखीच्या माणसाला हे सांगणं मला जमलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि तो धाटावच्या कंपनीत तीस वर्षं शिफ्ट केलेला, काहीही ऐकलं तरी शांतपणे चहा पिणारा माणूस आहे. त्याला सांगितलं असतं तर तो फक्त "बरं" म्हणाला असता. पण तेवढं "बरं" ऐकायचीसुद्धा माझी तयारी नव्हती. दहा वर्षं झाली आता.

कुठून सुरुवात करू? माझ्या मिरवण्यापासून करते, कारण मूळ तिथंच आहे. तरुणपणी पुण्याला शिकत असताना मी फ्रेंचच्या तीन परीक्षा दिल्या. तिसरीत काठावर पास झाले, हे रोह्यात कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. लग्न होऊन इथं आले, पेणच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, आणि कधीतरी कुणीतरी मला "फ्रेंचबाई" म्हणालं. मग तेच नाव पडलं. भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे फ्रेंचबाई. मला ते किती आवडायचं, काय सांगू! कुंडलिकेच्या पुलावरून चालताना मी मनातल्या मनात फ्रेंच क्रियापदं चालवत असे. ऐकणारं कुणी नव्हतं, त्यामुळे चुकाही नव्हत्या.

तर मुंबईतल्या एका फ्रेंच संस्थेनं एक योजना काढली. फ्रेंच पुस्तकं लहान गावांतल्या वाचनालयांत न्यायची, मराठीत वाचून दाखवायची, आणि जमलं तर तिकडच्या लेखकाला इकडे आणि इकडच्या माणसांना तिकडे न्यायचं. माझ्या वाट्याला एक लहानशी कादंबरी आली. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मिठागरातल्या एका बाईची गोष्ट, आणि लिहिणारी त्याच गावची, सत्तरीला टेकलेली इवेत. पेणच्या वाचनालयात दर शनिवारी मी एक प्रकरण मराठी करून वाचायचं असं ठरलं. मी रोह्याहून एसटीनं निघायची, आणि नागोठणे, गडब करत पेण येईपर्यंत मांडीवर शब्दकोश ठेवून उरलेली वाक्यं जुळवायची. गडबला बस थांबली की मला नेहमी एक विशेषण अडलेलं असायचं.

बेबीमावशी पहिल्या शनिवारी ऐकायला आलीच नव्हती. चहाबरोबरचे पापड पोचवायला आली होती. पेणच्या खाडीकडच्या गावातली बाई, अठ्ठावन्नएक वर्षांची, उंच, काळीसावळी, काष्ट्याचं लुगडं. मिठागर बंद पडेपर्यंत तिनं मीठ काढलं आणि मग पापड लाटायला लागली. ती दारात उभी राहून ऐकत होती. मी वाचलं, "मग त्याने जमीन सपाट केली." आणि मागून आवाज आला — "सपाट केली म्हंजे? कशानं? पायानं का फळीनं?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू? पण मूळ पुस्तकात पाहिलं तर पायानंच होतं. खाडीचं पाणी आत घेण्याआधी मिठागराचा तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो, हे मला कुठं ठाऊक? तिला ठाऊक होतं. पुढच्या शनिवारी ती पापड नसताना आली. त्याच्या पुढच्या शनिवारी पहिल्या रांगेत बसली. मग मीच तिच्या घरी जायला लागले — ती खाटेवर पापड वाळत घालायची, मी वाक्यं वाचायची, ती शब्द द्यायची. पाण्यावर पहिल्यांदा धरणाऱ्या पातळ सायीला काय म्हणतात, मीठ ओढताना हात कुठून वळतो, ऊन जास्त झालं की मीठ कडवट कसं होतं. ती मला "बाय" म्हणायची. जेवल्याशिवाय सोडायची नाही. एकदा मला ताप होता तर रोह्यापर्यंत भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन आली, आणि माझ्या सासूबाईंना म्हणाली, "तुमची सून लय हुशार हाय, पण तिला मीठ समजत नाय." सासूबाई आठवडाभर हसत होत्या.

माझं तिच्यावर प्रेम होतं. आहे. हे वाक्य पुढच्या गोष्टीसमोर किती विचित्र दिसतं, याची मला कल्पना आहे.

पुस्तक मराठीत छापून आलं. लोकांनी कौतुक केलं, आणि सगळ्यांनी एकच गोष्ट उचलून धरली, की मिठागराची भाषा किती जिवंत आहे! प्रस्तावनेत मी नवऱ्याचे आभार मानले, वाचनालयाचे मानले, आणि "मिठागरांतील अनेक अनामिक कष्टकऱ्यांचे" मानले. अनामिक! जिच्या घरी मी चाळीस वेळा जेवले, तिचं नाव मला माहीत नव्हतं का? पण हा माझा कबुलीजबाब नाही. हे फक्त त्याच्या वाटेवरचं आहे.

दिवाळीनंतर इवेत पेणला आली. सकाळी आम्ही तिघी मिठागरावर गेलो, एक अजून चालू होतं तिथं. तळ तुडवायचं काम सुरू होतं. इवेतनं बूट काढले. बेबीमावशीनं लुगडं वर खोचलं. आणि त्या दोघी चिखलात उतरून तुडवायला लागल्या, उजवा पाय, डावा पाय, एकमेकींच्या खांद्यावर हात. इवेतची आईसुद्धा मीठ काढायची. मग बांधावर बसून दोघींनी एकमेकींच्या टाचा पाहिल्या, भेगांवर बोट ठेवून काहीतरी बोलल्या — एक फ्रेंचमध्ये, एक आगरीत — आणि पोट धरून हसल्या. मी बांधावर छत्री आणि तिघींच्या चपला-बूट घेऊन उभी होते. मला कुणी काही विचारलं नाही. दुभाषा मी होते ना? पण तिथं दुभाष्याची गरजच नव्हती.

संध्याकाळी वाचनालयात कार्यक्रम. इवेत बेबीमावशीकडे वळून बराच वेळ काहीतरी बोलली. मला "आई" कळलं, "पाय" कळलं, "भीती" कळलं. बाकी वाहून गेलं. मी म्हणाले, "त्या विचारतायत, तुम्ही किती वर्षं काम केलं?" बेबीमावशीनं इवेतकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "ती येवढं लांब बोलली गो, नि तू येवढूसंच सांगितलंस?"

सभागृह हसलं. मीही हसले. तिनं ते माझी फजिती करायला म्हटलं नव्हतं, तिला खरंच ऐकायचं होतं. पण माझे कान तापले ते तापलेच.

जाताना इवेत म्हणाली, तुम्ही दोघींनी माझ्या गावी यायचं. बेबीमावशीनं ते लगेच खरं मानलं. फोटो काढायला नवं हिरवं लुगडं नेसून गेली. पासपोर्टचा अर्ज मीच भरला. चौकशीला पोलीस तिच्या दारात आला तेव्हा आळी गोळा झाली, आणि ती ओटीवरून ओरडून सांगत होती, "चोरी नाय केली, फ्रान्सला चाललेय!" पासपोर्ट आला तेव्हा तिनं तो देव्हाऱ्यात ठेवला, हळदकुंकू लावलं. पहिल्या पानावर अजून पिवळा डाग आहे.

चार महिन्यांनी माझ्या मेलवर रीतसर आमंत्रण आलं. दोघींच्या नावांनी. इवेतच्या गावात पंधरा दिवस राहायचं, तिथल्या लोकांसमोर मिठागराबद्दल बोलायचं, पुस्तकातले उतारे दोन्ही भाषांत वाचायचे.

मी ते शाळेच्या स्टाफरूममध्ये, डब्याच्या सुट्टीत वाचलं. आणि मला काय दिसलं सांगू? पंधरा दिवस. रोज ती बोलणार, रोज लोक तिला ऐकायला जमणार, आणि रोज मी येवढूसंच सांगणार. तिथं तर सगळ्यांनाच फ्रेंच येतं. आणि — हेही बोलून टाकते — मला ते टेबल दिसलं, काटे-चमचे मांडलेलं, आणि त्यावर ती मोठ्यानं घसा साफ करतेय. मला तिची लाज वाटली. जिनं मला तापात भरवलं तिची. आणि त्याहून जास्त, तिच्या शेजारी मी किती लहान दिसेन याची धास्ती वाटली.

मी तिथंच बसून उत्तर लिहिलं. बेबीमावशींचे गुडघे फार दुखतात, डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली आहे, त्यांनी स्वतःच नकार कळवायला सांगितलं आहे. गुडघ्याचा फ्रेंच शब्द नीट लिहिला गेलाय ना, हे मी शब्दकोशात पाहून घेतलं. मी आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात निर्दोष फ्रेंच पत्र ते. घंटा व्हायच्या आत पाठवलंसुद्धा.

मग शाळा सुटल्यावर तिच्याकडे गेले. ती खाटेवर पापड उलटत होती. मी म्हणाले, त्यांनी एकीलाच बोलावलंय, भाषांतर करणारीला. तिनं हातातला पापड उलटला. पुढचा उलटला. मग म्हणाली, "मग तू जा गो. माजे शब्द तुज्याजवळ हायेत ना." आणि उठून इवेतसाठी पापड बांधायला लागली, प्रवासात मोडू नयेत म्हणून एकेका थराला कागद घालून.

हे मी केलं. हेच सांगायचं होतं.

मी तिकडे गेले. बोलले. तिचे शब्द वाचले. टाळ्या झाल्या. निघायच्या दिवशी इवेत मला मिठागरावर घेऊन गेली आणि एक कापडी पिशवी दिली. त्यात पाण्यावरची साय धरून हलक्या हातानं वेचलेलं बारीक मीठ होतं, तिनं स्वतः काढलेलं. बेबीला दे म्हणाली. सांग, गुडघे बरे झाले की आपण पुन्हा तुडवू.

पिशवी मी दिली. निरोप कसा देणार होते? निरोपात गुडघे होते. मी म्हणाले, तिथल्या बाजारातून तुझ्यासाठी आणलं. बेबीमावशीनं चिमूटभर तळहातावर घेतलं, उन्हात धरलं, जिभेला लावलं. "बाजारातलं नाय हे," ती म्हणाली. "कुणी बाईमाणसानं जीव लावून काढलंय." माझ्याकडे पाहिलं. मी पाणी मागितलं. तिनं आणून दिलं.

तिनं ते मीठ कधी वापरलं नाही. बरणीत ठेवलं. येईल त्याला दाखवते आणि म्हणते, आमची बाय फ्रान्सला जाऊन आली, माजे शब्द घेऊन. कधीकधी मी समोर असते तेव्हाही म्हणते. हळदीकुंकवाला, बारशाला, एकदा तर पेण स्टँडवर अनोळखी बाईला. तिच्या आवाजात खोच शोधायचा मी फार प्रयत्न केला. असती तर मला सोपं गेलं असतं. नाही सापडली. तिला ठाऊक असेल का? मी कधी विचारलं नाही. विचारलं म्हणजे सांगावं लागणार.

आणि इवेत दर नव्या वर्षाला मेल पाठवते. आता ऐंशी ओलांडली, मेल लहान होत चाललेत, पण एक वाक्य असतंच — बेबीचे गुडघे कसे आहेत? मी दर वर्षी लिहिते, तसेच आहेत. हे तरी खरं आहे. बेबीमावशीचे गुडघे तेव्हाही ठणठणीत होते, आजही आहेत. माझे मात्र गेली दोन वर्षं कामातून गेलेत. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, मी आठवड्यातून एकदा खाली उतरते.

गेल्या महिन्यात ती सांगितल्याशिवाय आली. अडुसष्ट वर्षांची बाई, पेणहून उभ्यानं एसटीत, मग दोन जिने, आणि धाप नाही. मी खुर्चीतून उठायला लागले तर तिनं हातानंच बसवलं. पिशवीतून पासपोर्ट काढला. त्याची दहा वर्षं संपत आली होती, कुणीतरी तिला सांगितलं होतं. "नवा करून दे गो बाय," म्हणाली.

मी पानं चाळली. पहिल्यावर हळदीचा डाग. बाकी सगळी कोरी.

"कशाला हवाय आता?" मी विचारलं. खरंच विचारलं मी.

"काय सांगावं, परत बोलावतील. आता दोघींना बोलावतील." मग माझ्या पायांकडे पाहिलं. "तुजे गुडघे गेलं. तू भिव नको. मी धरून नेन तुला."

मी मोबाईल घेतला आणि अर्ज भरला. ती शेजारी बसून एकेक अक्षर बघत होती. झाल्यावर तिनं पासपोर्ट रुमालात बांधला, चहा प्याली, कप विसळून ठेवला आणि एसटी चुकेल म्हणून निघाली. मी खुर्चीतच होते. ती दोन्ही जिने भराभर उतरत गेली, आणि शेवटच्या पायरीपर्यंत मला तिच्या पायांचा आवाज ऐकू येत होता.