नवसाच्या कोंबड्याची पिसं

खालापूरजवळच्या एका रिसॉर्टवर मी ‘उपक्रम सहायक’ आहे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. पदवीमुळेच हे काम मिळालं, म्हणून मी कॉलेजचा ऋणी आहे. काम म्हणजे मुंबईच्या पाहुण्यांना शिकारी बाण बनवायला शिकवणं. शिकारीला बंदी आहे, म्हणून बाणाला पातं नसतं आणि डुक्कर थर्माकोलचं असतं. खरी रानडुकरं कुंपणापलीकडे आमचा भात खातात. त्यांना हात लावायचा तर आधी अर्ज करावा लागतो.

बाण बनवायला मला वडिलांनी शिकवलं. कारवीची सरळ काडी घ्यायची, पिसं कण्यावर मधोमध चिरायची आणि काडीच्या शेपटाला दोऱ्याने आवळून बांधायची. सगळी पिसं एकाच बाजूच्या पंखाची हवीत, नाहीतर बाण भेलकांडतो. रिसॉर्टच्या साहेबांनी मात्र शिळफाट्याच्या चिकनच्या दुकानातून ब्रॉयलरची पिसं पोतं भरून आणली. फुकट मिळाली म्हणून खूश होते. पिसं कापसासारखी मऊ. चाचणीत साहेबांचा बाण आडवा गेला आणि जेवणाच्या मांडवात कोशिंबिरीत पडला.

“रविवारी कंपनीचे डायरेक्टर येतायत,” साहेब म्हणाले. “त्यांचा बाण सरळ गेला तर तू कायम. नाही गेला तर... तू समजदार आहेस.”

आमच्या घरी गावठी कोंबडा एकच होता. आईने तो गावदेवीला नवसात बोलला होता: मुलगा कायम झाला की हा तुझा. नवसाचा कोंबडा अव्यंग लागतो, त्याच्यावर कुणी काठीसुद्धा उगारत नाही. मी त्याच्याच डाव्या पंखाची पिसं उपटली. नवस लवकर फळावा म्हणून देवीला हातभार लावतोय, अशी माझी मनापासून समजूत होती.

रविवारी डायरेक्टरांचा बाण डुकराच्या पोटात रुतला. त्यांनी थर्माकोलवर पाय ठेवून फोटो काढला. साहेबांनी सगळ्यांसमोर मला कायम केल्याचं जाहीर केलं. मी पेढे घेऊन घरी आलो.

आईने हात जोडले आणि लगेच कोंबडा धरून आणला. पंख उघडून बघितला.

“अरं, ह्ये काय रं? कुनी केलं?”

“मीच. बाणासाठी.”

“देवीच्या कोंबड्याची पिसं सायबाच्या डुकराला?”

“पण त्याच्यामुळेच कायम झालो ना, आई!”

“आनि आता ह्यो बोडका देवीला देऊ? ती काय तुज्या रिसॉर्टावर उतरलीय, पुढ्यात येईल ते गोड मानायला?”

आई कोंबड्याचा उघडा पंख बोटाने चाचपत राहिली. मग म्हणाली, “कायम केल्याचा कागद दिला का?”

“पुढच्या महिन्यात देतो म्हणाले.”

“मग कोंबडापन पुढच्या महिन्यात. आधी पिसं येतात का कागद, बगू.” तिने कोंबडा सोडला आणि त्याच्यापुढे मूठभर भात टाकला. “आनि पेढे आळीत वाटू नको एवढ्यात.”