शकूआत्याच्या पंगतीला कॉलनी आली नाही

गेल्या भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दुपारी, आमच्या कॉलनीने शकूआत्याला तिच्याच घरात उपाशी ठेवलं. कॉलनी म्हणजे तुम्ही. हे वाचताय ते तुम्हीच.

ती कोणाचीच सख्खी आत्या नव्हती. रेल्वेतून रिटायर झालेल्या नवऱ्याबरोबर, म्हणजे आमच्या काकांबरोबर, तेलीबांधा तलावाच्या पुढे, आमच्या शेजारी राहायची. कोणाच्याही घरी गेली की सोफ्यावर टेकायची नाही, थेट स्वयंपाकघरात शिरून भांड्यावरचं झाकण उचलायची. "व माय, हे वरण आहे का हात धुतलेलं पाणी?" बायका चिडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याचकडे फोडणी शिकायला जायच्या.

चौकात मी पत्रकं वाटते, त्यांनाही तिने सोडलं नाही. "पोट्टे, हे वाचून कोणी जागं नाही होत, झोप लागते. कोणासोबत, कवा, काय झालं ते पहिले लिही ना." आज तेच केलंय.

कॉलनीमागच्या मोकळ्या जागेवर एका खोलीच्या फ्लॅटांच्या इमारती होणार, ही बातमी आली आणि आपल्याला एकदम संस्कृती आठवली. धुणीभांडी करणाऱ्या, उरल्याच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या लोकांना परवडतील अशी ती घरं. मंदिरात सभा भरली. कॉलनीचे अध्यक्ष म्हणाले, "असे लोक शेजारी राहायला आले तर आपल्या पोरीबाळींचं काय?"

आत्या बसल्या जागेवरून म्हणाली, "काहून भाऊ? सुखबती रोज तुमच्या बेडरूममध्ये फरशी पुसते. तुमचं लेकरू तिच्याच मांडीवर झोपते. दिवसभर घरात चालते, अन् रात्री मागच्या इमारतीत झोपली तर बाटता काय तुम्ही?"

सुखबती म्हणजे सात घरची कामं करणारी बाई. दोन ऑटो बदलून येते. त्या फ्लॅटसाठी तिने अर्ज केला होता. आत्या एकटीच तिच्या बाजूने बोलली. बाकीचे चपला शोधू लागले.

मग महालक्ष्म्या आल्या. दरवर्षी अख्खी कॉलनी आत्याकडे जेवते. आमच्याकडची रीत अशी की बोलावलेल्या सवाष्णी जेवल्याशिवाय घरच्या बाईने घास तोंडात घालायचा नाही. हे तुम्हाला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच सकाळी ग्रुपवर मेसेज पडला: आज सर्वांनी आपापल्या घरीच जेवावे.

पुरणपोळ्या, आंबील, सोळा भाज्या. पानं मांडून, भोवती रांगोळी काढून आत्या दारात उभी राहिली. समोरच्या वहिनींचा पडदा हलला, तशी ओरडली, "पडदा नको हालवू व, माशा आत येतीन!"

दुपार कलली तेव्हा, सवाष्ण म्हणून तू तरी जेवायला ये म्हणायला, तिने सुखबतीला फोन लावला. सुखबती रडत तिच्या बोलीत म्हणाली, "दाई, आहूं त काम छूट जाही." आई, आले तर काम जाईल. तिलाही तुम्ही धमकावून ठेवलं होतं.

मी पानावर बसले. "तू सवाष्ण नाहीस, पण भूक तर लागली असन," असं म्हणत आत्याने मला वाढलं. मी बिनलग्नाची, माझ्या जेवण्याने तिचा उपास सुटणार नव्हता. दिवेलागणीला तिने एकेक पान उचललं, अन्न गाईंसमोर ठेवलं आणि न जेवता भांडी घासायला बसली.

दिवाळीआधी आत्याने घर विकलं. काकांना घेऊन नागपूरला भावाकडे जाताना टॅक्सीपाशी मी म्हटलं, "आत्या, नका जाऊ. आपण लढू."

"तू लढ. मले या लोकांसाठी पुन्हा पुरण नाही वाटायचं."

निरोपाला मी एकटी होते. फाटकं बंद होती.

त्या इमारतींविरुद्ध तुम्ही सह्या करून आक्षेप दाखल केलाय. सोमवारी त्याची सुनावणी आहे. सुखबती समोरच्या खुर्चीवर बसलेली असेल. मी स्वतः तिला घेऊन येणार आहे. उभे राहा, तिच्या डोळ्यांत बघा, आणि ती शेजारीण म्हणून का चालत नाही ते तिला तोंडावर सांगा. जमत नसेल तर तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत, आपली सही मागे घ्या.